सोनेरी चकतीवर मामाचं रक्त

सोमवार, ४

आज थर चढवायच्या पेटीतून निघालेली चकती इतकी देखणी होती, की क्षणभर कानात घालून बघावीशी वाटली. सोनेरी, गुळगुळीत, शर्टाच्या बटणाएवढी. सोनं मात्र तिच्यात नावालाही नाही. खाली टायटॅनियम आणि वर ऑक्साइडचा थर, इतका पातळ की त्याच्यापुढे डोक्यावरचा केस म्हणजे ओंडका. थराला स्वतःचा रंग नसतो, जाडीप्रमाणे उजेड त्यात खेळतो. पातळ असला की सोनेरी, थोडा वाढवला की जांभळा, अजून वाढवला की निळा. माझ्याकडे तिन्ही आहेत. मन मात्र सोनेरीवर बसलंय. शास्त्रज्ञाने असं मन बसवू नये, पण दैनंदिनीत खोटं कशाला लिहू?

हा थर उद्या कुणाच्या तरी हृदयातल्या झडपेवर किंवा नसेतल्या नळीवर जायचा आहे. रक्ताला परका धातू भेटला की ते बिथरतं आणि गोठायला लागतं. माझ्या थराने त्याची समजूत घालायची, की बाबा रे, कुणी आलेलं नाही, आपल्या वाटेने जा.

अडचण एकच. चकत्या तयार आहेत, रक्त नाही. ताजंच लागतं आणि निरोगी माणसाचंच. मागच्या वेळचा विद्यार्थी सुई बघूनच खुर्चीवरून घसरला आणि ती बातमी सगळ्या इमारतीत पोचली. आता मी व्हरांड्यात दिसले की पोरं जिन्याने पळतात. महिनाअखेरीस झडपा बनवणाऱ्या कंपनीची माणसं येणार आहेत. त्यांना काही दाखवता आलं नाही तर प्रकल्प गुंडाळायचा, असं सर आज चहा ढवळता ढवळता म्हणाले. इतकं हळू म्हणाले की मला आधी वाटलं, साखर संपलीय.

मंगळवार, ५

प्रकल्प सुरू झाल्यापासून मी मामा-मामीकडे राहते. मामा गाडी शिकवतो. त्याच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक आहेत, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तो सोफ्यावर बसूनही पाय खाली दाबत असतो. टीव्हीवर कुणी जिना उतरताना धडपडलं, तरी हा ब्रेक मारतो.

जेवताना मी रक्ताचं रडगाणं गायले. मामा म्हणाला, "किती हवंय?"

"दोन नळ्या."

"हात्तिच्या. मी समजलो बादली लागते. माझं घे की."

मामी वाढत होती. तिचा डाव हवेतच राहिला. "तुमचं?" ती म्हणाली.

"का? माझं काय आटलंय?"

मामीने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि भाजी वाढली. भाजी आजही अळणी. मामीच्या हाताची चव कुठे गेली कळत नाही. बिचारी विसरायला लागली असावी. मी गुपचूप वरून मीठ घेतलं. मामानेही हात पुढे केला, तर तिने मिठाची वाटी उचलून आत नेऊन ठेवली. मला वाटतं ओटा आवरायची घाई असावी.

शुक्रवार, ८

मामा प्रयोगशाळेत आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, जणू फोटो काढायचाय. सगळ्यांची ओळख करून दिली. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला आम्ही कंट्रोल म्हणतो, कारण कुणी काहीही दाखवलं की तो विचारतो, "कंट्रोल कुठे आहे?" म्हणजे थर न दिलेल्या साध्या चकतीवर हाच प्रयोग करून बघितला का. कुणी नव्या बाळाचा फोटो दाखवला तरी तो हेच विचारेल.

रक्त घ्यायला दवाखान्यातून सिस्टर येतात. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. "आजार काही? चालू गोळ्या वगैरे?"

"गोळ्या? मी?" मामा इतक्या जोरात हसला की सिस्टरही हसल्या. ते उत्तर मी 'नाही' असं धरलं.

मामाची नस टपोरी, सुई लगेच लागली. पण नंतर तो उठेचना. कापूस दाबून गप्पा मारत बसला. सिस्टरनी कापूस तीन वेळा बदलला, तरी याचं आपलं चालूच, आरसे कसे लावावेत आणि चढावर गाडी कशी उचलावी. ऐकणारं माणूस मिळालं की मामाला वेळेचं भान राहत नाही.

त्या गडबडीत थर न दिलेली चकती माझ्या चिमट्यातून निसटली आणि घरंगळत कपाटाखाली गेली. कंट्रोल पोटावर झोपून पट्टीने शोधत होता. मी म्हटलं, राहू दे, सोनेरीवर तरी करू. तो कपाटाखालूनच "हे बरोबर नाही" म्हणाला.

सोमवार, ११

आज इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सोनेरी चकती बघितली.

आधी नीट लिहिते, कारण हे पान मला म्हातारपणी वाचायचंय. रक्तातल्या प्लेटलेट शांत असल्या की बशीसारख्या गोल दिसतात. बिथरल्या की त्यांना पाय फुटतात, त्या पृष्ठभागाला चिकटतात, एकमेकींना हाका मारतात, आणि बघता बघता मोर्चा जमतो. तीच गुठळी. आजवरच्या सगळ्या चकत्यांवर मोर्चेच मोर्चे होते.

आज सोनेरीवर तुरळक बशा. पाय नाहीत, घोळका नाही. जणू सुट्टीच्या दिवशीचं ऑफिस.

सर दोनदा चष्मा पुसून आले. मग म्हणाले, "पुन्हा करा." त्यांच्या भाषेत हा टाळ्यांचा कडकडाट. कंट्रोलने काय विचारलं ते लिहायची गरज नाही.

घरी जाऊन मामाला सांगितलं, की तुझं रक्त माझ्या थरावर कसं गुण्यागोविंदाने वागलं. त्याने सोफ्यावर बसल्या बसल्या ब्रेक मारला. आनंदाच्या भरात असावं. मग म्हणाला, "अजून कुणाचं घेऊन बघ की." किती हा विनय.

गुरुवार, १४

पुन्हा मामाच. दुसरं कुणी मिळत नाही. तो आढेवेढे घेत होता, शिकाऊ मुलांची लायसन्सची परीक्षा आहे, गाडीचं काम आहे, पण मी तोंड पाडलं तेव्हा निघाला. लिफ्ट बंद होती. जिन्याच्या वळणावरच्या खिडकीशी थांबून तो बराच वेळ खालचं पार्किंग बघत उभा राहिला. म्हणाला, "लोकांना गाडी लावताच येत नाही बघ." कपाळावर घाम होता. व्यवसायाबद्दल एवढी तळमळ मी दुसऱ्या कुणात बघितलेली नाही.

मागच्या वेळच्या सुईच्या जागी हातावर वांग्याच्या रंगाचा डाग पडलाय. म्हटलं, सिस्टर घाईत असणार. सिस्टर म्हणाल्या, "मी घाईत नव्हते," आणि मामाकडे बघत राहिल्या. मामा छताकडे बघत राहिला.

या वेळी जांभळी आणि निळीही लावली. साधी चकती मी मुद्दाम खिशात जपून आणली होती, आणि तीही लावली, कंट्रोलच्या समाधानासाठी.

रविवार, १७

मामा आणि मामी हल्ली संध्याकाळी फिरायला जातात, हातात हात घालून आणि इतके सावकाश, की शेजारचं मांजर त्यांच्या पुढे जातं. या वयात प्रेम उतू चाललंय. मी खिडकीतून बघून घेतलं, आणि उद्याच्या तक्त्याचं काम केलं.

सोमवार, १८

सोनेरी स्वच्छ. जांभळी स्वच्छ. निळी स्वच्छ.

साधीही स्वच्छ.

बिनथराचा उघडा धातू, ज्याच्यावर आजवर प्रत्येक वेळी मोर्चा निघाला, तो आरशासारखा. मी कंट्रोलला सांगितलं, चकत्या अदलाबदल झाल्या असणार. तो म्हणाला, साध्या चकतीला रंग नसतो, अदलाबदल कशी होईल? मी म्हटलं, पेटीतून थोडा थर उडून बसला असेल. तो म्हणाला, ती पेटीत गेलीच नव्हती, तुझ्या खिशात होती. मी म्हटलं, मग खिशातलं काहीतरी लागलं असेल. तो म्हणाला, तसं असेल तर तुझ्या खिशाचं पेटंट घेऊ.

मी तीन तास त्याच्याशी बोलले नाही. तो नसता तर मी सरांना तीन रंगांची चित्रं दाखवून आज मिठाई वाटली असती, हे मला माहीत आहे. म्हणूनच बोलले नाही.

मंगळवार, १९

कंट्रोलने आज स्वतःचं रक्त दिलं. सुईकडे न बघता माझ्याकडे बघत होता, घामाघूम. सिस्टर गालातल्या गालात हसत होत्या. त्याला सुईची भीती वाटते हे मला आजच कळलं. मग आला कशाला, देव जाणे.

संध्याकाळी त्याच्या रक्ताच्या चकत्या बघितल्या. साधीवर मोर्चा. सोनेरीवरही मोर्चा, थोडा पांगलेला. तो हळूच म्हणाला, "गुण तुझ्या थरात नाही. तुझ्या मामांत आहे."

मग थोड्या वेळाने, "ते काही गोळ्या घेतात का?"

"छे," मी म्हटलं, "मामा घोड्यासारखा आहे."

बुधवार, २०

लिहिलं की डोकं साफ होतं, म्हणून लिहिते.

मामाच्या प्लेटलेट कुठेच बिथरत नाहीत. असं कधी होतं? जन्मजात दोष असला तर. पण मग लहानपणीच साधं खरचटलं तरी रक्त थांबलं नसतं, आणि मामा तर सायकलवरून पडत पडतच मोठा झालाय. दुसरं कारण म्हणजे गोळ्या. हृदयाची नस बारीक झालेल्या माणसाला देतात त्या, रक्ताने आत गुठळी करू नये म्हणून. पण मामाला कुठे

कापूस तीन वेळा बदलला. हातावर डाग. जिन्यातली खिडकी. पार्किंग.

मी प्लेटलेटला पाय फुटलेत का हे हजारोपट मोठं करून बघत होते, आणि मामा माझ्यासमोर घाम पुसत उभा होता.

गुरुवार, २१

मामीला सांगावं का? रक्त देणाऱ्याची गोष्ट बाहेर सांगायची नाही हा आमचा नियम आहे. शिवाय तिला काहीच माहीत नाही, ती हाय खाईल. आधी त्याच्याशीच बोलायला हवं. पण तो घरात सापडत नाही. विषय निघायच्या आधीच हा दुसऱ्या खोलीत.

म्हणून सकाळी म्हटलं, "मामा, मला गाडी शिकव." तो गेली कित्येक वर्षं माझ्या मागे लागलाय आणि मी टाळत आलेय. त्याचा चेहरा इतका उजळला की मला चोरट्यासारखं वाटलं.

गोदामांच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर त्याने मला स्टिअरिंगवर बसवलं. पहिला गिअर पडला. गाडी चालू लागली. मी म्हटलं, "मामा, तू कुठल्या गोळ्या घेतोस?"

गाडी जागच्या जागी थांबली. मी ब्रेकला पाय लावलेला नव्हता.

"आधी आरशात बघ," मामा म्हणाला. "मागे कुणी आहे का?"

"मागे कुणी नाही. गोळ्या."

"क्लच सोडू नकोस."

"गाडी बंद पडलीय, मामा."

तो समोरच्या काचेतून बघत राहिला. "कुणी सांगितलं तुला?"

"तूच. दोन नळ्या भरून सांगितलंस."

मग बोलला. छातीवर ओझं ठेवल्यासारखं होतं. एक नस बारीक झालीय. डॉक्टर म्हणतो, तपासून जाळीची नळी बसवून टाकू, वेळ घालवू नका. हे डॉक्टर कधी म्हणाला असं विचारलं, तर म्हणाला, "थंडी होती तेव्हा." आता पंखा लावल्याशिवाय झोप येत नाही.

"आणि तू लोकांना गाडी शिकवतोयस. शेजारी बसून काही झालं असतं म्हणजे?"

"नवीन मुलं घेणं बंद केलंय. मामीला सांगितलं, मंदी आहे." मग खाली बघत म्हणाला, "दोन जुनी राहिलीत. तेही चूकच आहे."

"पण थांबलास कशाला एवढा?"

त्याने पायाखालच्या त्या जादा ब्रेकवर बूट घासला. "मी तिथे आडवा पडणार आणि कुणीतरी दुसरा माझ्या आत गाडी चालवणार. माझ्या बाजूला ब्रेक नाही."

मी त्याचा हात धरला. डाग पडलेलाच नेमका हातात आला.

"मग रक्त द्यायला कशाला आलास, मामा? माझा सगळा प्रयोग पाण्यात गेला."

"तुला कुणी देत नव्हतं. रोज तोंड पाडून यायचीस. मला वाटलं, रक्त ते रक्त." मग म्हणाला, "मामीला काही कळता कामा नये. ती कोलमडेल."

"आज सांगायचं. तू सांग, नाहीतर मी."

"चालव," तो म्हणाला. मी चालवली. घर येईपर्यंत त्याने मला एकदाही टोकलं नाही, आणि मी दोन वेळा फुटपाथवर चढले.

त्याच दिवशी, नंतर

मामाने मामीला बाहेरच्या खोलीत बसवलं. पाण्याचा पेलाही आणून ठेवला, तिच्यासाठी. घसा साफ केला. "हे बघ, घाबरून जाऊ नकोस. गोष्ट तशी किरकोळ आहे."

मामीने चष्मा काढला. "सांगताय एकदाचं?" ती म्हणाली आणि उठून आत गेली. परत आली ती एक पिशवी घेऊन. दोन जोड कपडे, टॉवेल, दाढीचं सामान, सपाता, तपासण्यांचे कागद.

"हे काय?" मामा म्हणाला.

"दवाखान्याची पिशवी. थंडीतच भरून ठेवली होती. मग उन्हाळा आला, स्वेटर काढून सुती कपडे घातले." मामीचा आवाज अगदी रोजचा. "गाडीत विसरलेल्या गोळ्या खिशात कोण ठेवत होतं असं वाटलं तुम्हाला? म्हटलं, स्वतः सांगतील. रोज वाट बघितली. रोज म्हटलं, आज सांगतील."

"म्हणजे ते जेवणातलं मीठ..." मी म्हटलं.

"मग? मी मीठ घालायला विसरते असं वाटलं होतं का तुला?"

वाटलं होतं. मी पिशवीतल्या सपाता नीट लावायला घेतल्या.

मामाने तिच्यासाठी आणलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. मग मामीला रडू आलं, सगळं संपल्यावर, आणि तो तिच्या पाठीवर हात फिरवत "अगं, किरकोळ आहे, किरकोळ आहे" म्हणत राहिला. मी माझ्या खोलीत आले.

शुक्रवार, २२

सरांना सांगितलं, की मामाच्या रक्तावरचे सगळे निकाल बाद. रक्त देणारा औषधावर होता. कोणत्या, का, ते बोलले नाही. सरांनी चहा खाली ठेवला. मला वाटलं, आता प्रकल्प गेला.

"बरं झालं आपल्याला कळलं," ते म्हणाले. "झडप कुणाच्या तरी छातीत गेल्यावर कळलं असतं तर?" मग नवीन रक्त कुठून आणायचं ते विचारलं. कंट्रोलने दारावर पाटी लावलीय, 'रक्त द्या, बिस्किटं घ्या'. पहिलं नाव त्याने स्वतःचंच लिहिलंय. म्हटलं, एवढं घाबरतोस तर कशाला? तो लाल झाला आणि बिस्किटं आणायला गेला. विचित्र माणूस.

मंगळवार, २६

मामाचं झालं.

आत न्यायच्या आधी तो डॉक्टरला विचारत होता, "नळीला थर आहे का? कुठल्या रंगाचा?" डॉक्टर म्हणाले, औषधाचा थर आहे, रंग बघितला नाही. मामा माझ्याकडे वळून म्हणाला, "बघ, यांनी रंगच बघितलेला नाही." मी म्हटलं, "मामा, ते चांगले चालक आहेत, झोप तू." त्याने मामीला डोळा मारला. दार लागलं आणि मामीने माझं मनगट असं घट्ट धरलं, की तिथे आता मलाच डाग पडलाय.

बाकडं कडक होतं. समोरच्या भिंतीवर हृदयाचं चित्र होतं, त्यात एक नस चुकीच्या बाजूने काढलेली. हे मी मामीला सांगितलं नाही. शहाणपण येतंय.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा टोपी काढत होते. मामी त्यांच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होती. "छान बसली नळी," ते म्हणाले. "पूर्ण वेळ आम्हाला 'सावकाश, सावकाश' सांगत होते." मामी खाली बसली ती हसता हसता, आणि मग बराच वेळ उठलीच नाही.

शनिवार, ३०

काल कंपनीची माणसं येऊन गेली. त्यांना खरं तेच दाखवलं. बिस्किटं खाल्लेल्या निरोगी लोकांचं रक्त, चारही चकत्या शेजारी शेजारी. माझी लाडकी सोनेरी साध्यापेक्षा जेमतेम बरी. जांभळी मधेच. निळीवर मोर्चा सगळ्यात कमी, पण आहे. त्यांच्यातल्या एक बाई निळीवर खूप वेळ वाकून होत्या. म्हणाल्या, यावर अजून काम करा, आमच्या झडपेचे तुकडे पाठवतो. म्हणजे प्रकल्प चालू राहील. कंट्रोल माझ्यापेक्षा जास्त खूश होता. खुर्च्या लावताना गुणगुणत होता.

घरी आले तर मामा पलंगावर उशांना टेकून बसलेला, मामी शेजारी मोसंबं सोलत.

"सांग आता," मामा म्हणाला, "आत काय चाललंय माझ्या?"

मी सांगितलं. नळी बसलीय, तिला धातूची जाळी आहे, रक्त येता-जाता तिला बघतंय आणि बिथरू पाहतंय. गोळ्या त्याला बिथरू देत नाहीत. आणि तोवर नसेचं स्वतःचं अस्तर कडेने वाढत येतं आणि हळूहळू जाळी झाकून टाकतं.

"म्हणजे खरा थर शरीर स्वतःच चढवतं?"

"हो."

"मग तुझा पगार कशाचा?"

"ते होईपर्यंत रक्ताला गप्प बसवायचं, त्याचा."

तो हसला, मग छातीवर हात ठेवून जपून हसला. म्हणून गोळी एकही चुकवायची नाही, का चुकवायची नाही, चुकवली तर प्लेटलेट काय करतात, हे मी पहिल्यापासून सांगायला घेतलं. माझ्या व्याख्यानाचा जो परिणाम होतो तोच झाला. पाचव्या वाक्याला मामा झोपला, तोंड उघडं टाकून.

मी थांबले. मामीने सालं ताटलीत गोळा केली. माझ्या कामाबद्दल तिने आजवर कधी काही विचारलेलं नाही. आज मामाकडे बघत ती हळू आवाजात म्हणाली, "ते अस्तराचं. आतून वाढतं म्हणालीस ते."

"हो, मामी."

"म्हणजे ती नळी मग ह्यांचीच होऊन जाते?"

"झाकली जाते पूर्ण. रक्ताला कळतसुद्धा नाही, की खाली धातू आहे. त्याला वाटतं, आपलीच नस."

मामीने हात पुसले, पांघरूण मामाच्या छातीवर नीट ओढलं आणि खुर्ची माझ्याजवळ सरकवली.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून. सावकाश."

मी पुन्हा सांगितलं.